गाळाच्या माहेरी

माझ्या टेबलावर शाईच्या पॅडखेरीज दुसरी कोणतीही ओली वस्तू ठेवण्यास मी आजवर कोणाला परवानगी दिलेली नाही. कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली बसून अर्ज लिहिणाऱ्या माणसाचे टेबल ही देखील एक लहानशी कचेरीच असते, आणि तेथे चहाचा कप टेकवणारा माणूस कागदाचा अवमान करतो, असे माझे मत आहे. या नियमाला एकच अपवाद झाला. तो अपवाद गुडघ्यापर्यंत पँट दुमडून शहापूरच्या बाजारातून चालत येई, खांद्यावरच्या पिशवीतून गढूळ पाण्याची काचेची बाटली काढी, माझ्या कोऱ्या कागदांशेजारी ठेवी आणि म्हणे, "हलवू नका हां, भाऊसाहेब. बसू द्या त्याला."

बसायचे ते गाळाला. तासाभरात वरचे पाणी निवळे, तळाशी तांबूस थर जमे. मग ते काडेपेटीतली एक काडी बाटलीला लावून थराची उंची पाहत, काडीवर नखाने खूण करीत आणि ती कानावर खोचून ठेवीत. अशा खुणा केलेल्या काड्या त्यांनी एका डब्यात वर्षावार जुड्या बांधून जपलेल्या मी पुढे प्रत्यक्ष पाहिल्या. बाजारात त्यांना कोणी वेडा म्हणत, कोणी शास्त्रज्ञ. मी त्यांना काका म्हणत असे. बाकी सगळ्यांचे ते 'खाडीवाले'.

ते मूळचे ठाण्याच्या खाडीकाठचे. नोकरी मात्र भातसानगरला, धरणाच्या पाण्याची पातळी वाचून वहीत मांडण्याची. निवृत्त झाले तेव्हा पत्नी वारलेली होती, मूलबाळ नव्हते. ते गावी परततील असे सर्वांनी धरले होते. परतण्याऐवजी ते डोळखांबच्याही पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर, चांगुणाबाई नावाच्या विधवा बाईच्या पडवीत राहायला गेले आणि पंधराएक वर्षे तेथेच राहिले. अखेरच्या आजारात पुतण्याने त्यांना गावी नेले; तेथेच ते गेले. त्यालाही आता काही वर्षे लोटली.

"गावी का गेला नाहीत?" असे मी त्यांना ओळखीच्या पहिल्याच वर्षी विचारले होते.

"जाऊन काय करू? आमच्या बांधाबाहेर तिवरं होती, माणूस हरवेल अशी. वरून गाळ येत गेला, तिवरांची मुळं गुदमरली, झाडं मेली. बांध उघडा पडला. आता भरतीचं खारं पाणी भाताच्या खाचरात शिरतं. गाव बांध घालतो, गाळ परत येतो. किती वेळा घालणार? म्हणून म्हटलं, गाळाच्या माहेरीच जाऊन राहावं. सासरी भांडून उपयोग नाय."

गाळाचे माहेर म्हणजे आमचा तालुका. पाड्याखालचा ओढा, ज्याचे पाणी त्या बाटलीत असे, काळू नदीला मिळतो, काळू उल्हासला, आणि उल्हास खाडीला. हे मला भूगोलात शिकवले असणार. परंतु माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतच झाले आणि उर्वरित शिक्षण मी लोकांच्या अडचणींपासून घेतले. ओढ्यातली माती कोणाच्या शेतात जाऊन मीठ होते, अशी अडचण घेऊन तोवर माझ्याकडे कोणी आले नव्हते.

माणसाची ओळख करून घेण्याची त्यांची रीत निराळी होती. आपण विचारतो, कुठले तुम्ही, आडनाव काय. काका विचारीत, "तुमच्या अंगणातलं पाणी कुठं जातं?" हा प्रश्न त्यांनी बसच्या कंडक्टरला विचारला, मास्तरांना विचारला, आणि एकदा तर नव्याने बदलून आलेल्या मोठ्या साहेबांना त्यांच्याच दालनात उभे राहून विचारला. साहेब गोंधळून शिपायाकडे पाहू लागले. "ह्यांना ठाऊक नाय," काका मला बाहेर येऊन म्हणाले, आणि त्या साहेबांविषयीचे त्यांचे मत तेवढ्यावर कायम झाले. मलाही त्यांनी विचारले होते. मी म्हणालो, "गटारात." "आणि गटार?" यावर मी विषय बदलला.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. समुद्रापासून इतक्या दूर राहूनही ते खाडीच्या पाण्याप्रमाणे वागत. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, हा खाडीकाठचा हिशेब त्यांच्या जिभेवर असे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. उतरत्या पाण्यात कोणतेही काम सुरू करावयाचे नाही, हा त्यांचा दंडक. अमावास्या-पौर्णिमेला तर अर्ज दाखल करणे अशक्यच होऊन बसे, कारण त्या दिवशी सव्वा अकराला पाणी उतरू लागते आणि आमच्याकडे आलेले अर्ज नोंदवून घेणारा बारनिशीचा कारकून अकराच्या आधी खुर्चीवर सापडत नाही.

"काका, अहो इथे कुठे आला समुद्र?" मी म्हणे.

"तुमच्या शेडच्या मागं," ते गटाराकडे बोट दाखवीत. "थोडा लांब हाय, एवढंच."

पाड्यावरच्या माणसांनी या गृहस्थाचे ऐकले कसे, हे कोडे पुष्कळांना पडले होते. आमच्या भागात भाताची रोपे करण्यापूर्वी जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात. त्यासाठी झाडांच्या फांद्या, ज्यांना टाहाळ म्हणतात, दरवर्षी तोडून आणाव्या लागतात. पाड्यामागच्या सरकारी टेकडीवरची ऐनाची झाडे अशी पिढ्यान्‌पिढ्या तोडून केवळ खुंट उरले होते. त्यावर उन्हाळी वणवे. पौष संपला की ओढा आटे आणि बाया हंडे घेऊन पलीकडच्या डोंगरात जात.

काकांनी भाषण केले नाही. झाडेही लावली नाहीत. रोप हातात घेऊन फोटो काढणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता. "खुंट जिवंत हाय तोवर पोरकं रोप कशाला आणायचं?" असे ते म्हणत. त्यांनी फक्त आपल्या गावची बांधाची रीत टेकडीवर आणली. खाडीचा बांध सगळ्या गावाचा असतो, पण त्याची वाटणी घरवार केलेली असते. ज्याचा तुकडा त्याने राखायचा. तशी त्यांनी बांबूच्या काठीने टेकडी मोजली आणि माथ्यापासून ओढ्यापर्यंत उभ्या पट्ट्या पाडून प्रत्येक घराला एक पट्टी लावून दिली. पट्टीत तोडायचे नाही, जाळायचे नाही, गुरे सोडायची नाहीत. ज्याला राबाला टाहाळ कमी पडेल त्याला शेजाऱ्याने आपल्या शेताच्या बांधावरचा द्यायचा.

चांगुणाबाईने तेव्हाच विचारले होते, "काका, तुमचा बांध आडवा असतो ना? आमचा तर उभा हाय. उभ्या बांधाला काय म्हणतात तुमच्यात?"

"शिडी म्हणतात. चढ."

"चढले असते वो. पण तुमी पडलात तर उचलायला मलाच यावं लागंल."

एका माघात त्यांनी आपल्या खाडीकाठची दहाबारा माणसेही वर आणली. ती सुकट-बोंबलांची गाठोडी घेऊन आसनगावला उतरली, आणि दोन दिवस पाड्याच्या माणसांबरोबर घळींमध्ये दगड रचून, ओढ्याकडे धावणारी माती अडवून गेली. पुढे पाड्याची माणसे खाली जाऊन तिवरांच्या बिया चिखलात रोवून आली. चांगुणाबाई मांडीपर्यंत त्या काळ्या चिखलात रुतली आणि ओरडली, "हा चिखल आमच्याकडचाच ना? मग एवढा वास कशाला मारतो?"

काका बांधावरून म्हणाले, "सासरी आल्यावर सगळ्यांचं तसंच होतं गो."

आता मला माझ्या चुकीकडे वळले पाहिजे. ते टाळून काकांचे चित्र पुरे होणार नाही.

टेकडी राखायला घेऊन तीनचार वर्षे झाल्यावर काकांना वाटले की या राखणीची कोठे तरी नोंद असावी. जागा सरकारी, उद्या कोणी आले तर पाड्याजवळ कागद हवा. ते चांगुणाबाईला व आणखी काही जणांना घेऊन माझ्याकडे आले, तिथी पाहून, दुपारच्या चढत्या पाण्यात. मी नवा कागद घेतला. काका सांगू लागले, "लिवा, ऐनाच्या खुंटांना मनगटाएवढी फूट आलीय. लिवा, ओढा पौषात आटायचा तो आता होळीपर्यंत वाहतो. लिवा, बाटलीतला थर निम्म्यावर आलाय."

मी त्यांना थांबवले. ज्यांच्या हाताखाली मी ही विद्या शिकलो, त्या वृद्ध गृहस्थांनी मला एक सूत्र दिले होते: मागताना वस्तू लहान करावी आणि देणारा मोठा करावा. मौल्यवान वस्तू मागितली की साहेबाचा हात आखडतो. टाकाऊ वस्तू मागितली की तो उदार होतो. या सूत्रावर मी वीस वर्षे अर्ज लिहिले होते आणि त्यांतील बहुतेक मंजूर झाले होते. तेव्हा मी काकांचे खुंट, ओढा व बाटली बाजूला ठेवून माझ्या वळणदार अक्षरात लिहिले, की सदरची टेकडी उघडी, खडकाळ व कोणत्याही प्रकारे उपयोगाची नसून तीपासून शासनास काडीचेही उत्पन्न नाही. सबब ती आम्हा गरिबांकडे राखणीस असू द्यावी, ही नम्र विनंती. मग ते सर्वांना वाचून दाखवले.

"भाऊसाहेब, हे खरं नाय," काका म्हणाले.

"खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही, काका. ही पद्धत आहे."

"तुमी टेकडी बघितलीत कधी?"

"मी तालुक्यातील कोणतीही जागा बघत नाही. मी ती लिहितो."

हे वाक्य उच्चारताना मला समाधान वाटले होते, हे मी लपवीत नाही. काकांनी मान डोलावली. माझ्या विद्येवर त्यांचा विश्वास होता. पाड्याने अंगठे उठवले, काकांनी सही केली, अर्ज दाखल झाला. त्याला उत्तर आले नाही आणि आम्ही तो विसरलो.

दोन पावसाळे गेले. एके सकाळी शहराकडचे एक गृहस्थ माझ्या टेबलाशी आले. त्यांना खडीच्या खाणीसाठी जागा मागावयाची होती. बोलण्यात आदब होती, कागद प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये नीट लावलेले होते. मी अर्जाचा मायना लिहिला, विषय लिहिला, आणि जागेचे वर्णन विचारले. "ते यात आहेच," म्हणून त्यांनी एक नक्कल माझ्यापुढे सरकवली. "इथल्या लोकांनीच लिहून दिलंय की जागा निरुपयोगी आहे. हे वाक्य तसंच घ्या. फार सुंदर लिहिलंय कोणीतरी."

अक्षर माझे होते. क्षणभर, केवळ क्षणभर, मला त्या अक्षराचा अभिमान वाटला. नंतर खाली अंगठ्यांची रांग दिसली आणि शेवटी काकांची सही. मी पेनाला टोपण लावले आणि त्या गृहस्थांना सांगितले की मला ताप भरला आहे. त्यांनी तो अर्ज दुसरीकडून लिहून घेतला. महिन्याभरात जागेच्या पाहणीची तारीख पडल्याचे कळले. खाण मंजूर झाली असती तर टेकडी तर गेलीच असती, शिवाय ओढा दगडाच्या भुकटीने बुजला असता, आणि पाड्याच्या बाया पुन्हा हंडे घेऊन पलीकडच्या डोंगराला लागल्या असत्या.

शनिवारी काका बाजारात भेटले तेव्हा मी त्यांना सर्व सांगितले. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्यांनी कानावरची काडी काढली, पाहिली, परत ठेवली.

"बांधाला खांड पडली म्हणायची," ते म्हणाले. "तुमच्या घरात किती माणसं बसतील?"

"म्हणजे?"

"उद्या जेवायला येतो. शिधा आमचा, चूल तुमची."

माझ्या पत्नीला मी हे रात्री सांगितले. ती म्हणाली, "अर्ज लिहिताना चार वेळा खोडता, आणि मला मात्र आयत्या वेळी सांगता." दुसऱ्या दिवशी दुपारी सतरा माणसे आमच्या बौद्धवाड्यातल्या दोन खोल्यांपुढे येऊन उभी राहिली. पुरुष बहुतेक वीटभट्ट्यांवर गेलेले. या बाया आणि म्हातारी माणसे होती. डोक्यावर तांदूळ, तुरीची डाळ, वांगी, सुकट. एक म्हातारा उंबऱ्यापाशी घुटमळला. त्या काळी डोंगरातली काही जुनी माणसे आमच्या वाड्यात पाणीही घेत नसत; मला त्याचे नवल नव्हते. चांगुणाबाई त्याच्यावर खेकसली, "या की आत, बाबा. तांदूळ आपला, डाळ आपली, पाणी नळाचं. बाटायला शिल्लक काय ऱ्हायलंय?" म्हातारा हसला आणि आत येऊन भिंतीशी बसला. माझी पत्नी आणि त्या बाया चुलीशी अशा बोलू लागल्या की जणू लहानपणापासूनच्या मैत्रिणी.

पाने मांडल्यावर मी उभा राहून क्षमेचे चार शब्द बोलू लागलो. मी ते रात्री लिहून काढले होते. काकांनी मला हाताला धरून खाली बसवले.

"आमच्याकडं ज्याच्या तुकड्यात बांध फुटतो ना, त्याच्या घरी गाव जेवतो. शिधा गावानं आणायचा. शिव्या द्यायच्या नायत. जेवताना बांधाचं नावही काढायचं नाय. जेवा आता."

आणि खरोखरच कोणी ते नाव काढले नाही. कोणाच्या शेळीला जुळी झाली, कोणाचा जावई वर्षभर फिरकला नाही, सुकटीत मीठ जास्त झाले की कमी, यावर बोलणे चालले. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर देऊ शकलो असतो. उत्तर देणे हा माझा व्यवसाय आहे. हात धुताना चांगुणाबाईने पदराला हात पुसत एवढेच विचारले, "मग भाऊ, कवा येता बांधायला?"

दुसऱ्या दिवशी शेड बंद ठेवून मी डोळखांबची बस धरली.

लिहिल्यावर दोन वर्षांनी मी ती टेकडी पहिल्यांदा पाहिली. प्रत्येक घराने मला आपली पट्टी दाखवली, आणि नव्या घरात पाहुण्याला फिरवावे तशी सावकाश दाखवली. एका खुंटातून पाचपाच ऐन वर गेले होते. उक्षीच्या वेली त्यांना धरून चढल्या होत्या, करवंदीच्या जाळ्यांनी माझे धोतर धरले. खाली पायाला माती लागत नव्हती, पाचोळा लागत होता. एका म्हातारीने तो दोन्ही हातांनी बाजूला करून खालची ओल मला बोटाने चाचपायला लावली. "काडीचेही उत्पन्न नाही" हे शब्द त्या ओलीवर ठेवून पाहा, असे मला कोणी म्हणाले नाही. मी ते स्वतःच ठेवून पाहिले.

पाहणी दशमीला होती. काकांनी पाऊणपट केली: सकाळी साडेसातला भरती, पावणेदोनच्या सुमारास पाणी फिरणार. साहेब येणार अकराला, म्हणजे ऐन उतरत्या पाण्यात. "दोनपर्यंत कागदावर काय लिवू द्यायचं नाय," काकांनी हुकूम सोडला. चांगुणाबाईने तो असा पाळला की साहेबांना प्रत्येक पट्टीत, माथ्यापासून ओढ्यापर्यंत, चढवून उतरवले. कोणी ताक दिले, कोणी बोरे दिली. खाणवाले गृहस्थ दुसऱ्याच पट्टीत दमून खाली सावलीला बसले. ती सावली कोणाच्या मालकीची आहे, हे एका म्हातारीने त्यांना दोनदा सांगितले.

दोन वाजता साहेबांनी ओढ्याकाठी बैठक मारली. खाणवाल्यांनी नक्कल पुढे केली. "साहेब, झाडं आहेत थोडीफार, मी नाही म्हणत नाही. पण जागा निरुपयोगी आहे हे यांचंच म्हणणं आहे. अंगठे आहेत खाली."

साहेबांनी ते वाक्य मोठ्याने वाचले. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. काका पाण्यात पाय सोडून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

मी उठलो आणि म्हणालो की हे वाक्य माझे आहे. साहेबांनी जबाब लिहून मागितला. मी पेन काढले. मायना आठवला, 'कृपावंत' आठवले, सूत्र आठवले. त्यांतले काहीही मी लिहिले नाही. मी लिहिले: "ही टेकडी मी अर्ज लिहिला तेव्हा पाहिलेली नव्हती. अर्जदारांनी मला खुंटांना फूट आल्याचे व ओढा होळीपर्यंत वाहत असल्याचे सांगितले होते. मी ते गाळले. निरुपयोगी हा शब्द त्यांचा नाही. हे खरे नाही, असे ते त्याच वेळी म्हणाले होते. आज मी टेकडी पाहिली. ते बरोबर होते."

साहेबांनी तो कागद वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "तुमच्या लक्षात येतंय ना, उद्या तुमच्या कुठल्याही अर्जावर समोरचा माणूस हेच म्हणेल? की लिहिणाऱ्याने न पाहता लिहिलंय?"

"येते," मी म्हणालो.

तसेच झाले. सात-आठ महिने माझ्या टेबलासमोरचे बाक निम्मे रिकामे राहिले. शेजारचा टंकलेखक गिऱ्हाइकांना सांगे, "त्यांच्याकडे नको, ते आधी तुमचं घर बघायला येतील." हा टोमणा पुढे खरा ठरला; मी जागा पाहिल्याशिवाय जमिनीचा अर्ज लिहीत नाही आणि त्याचे आता लोकांना अप्रूप वाटते. पण ते पुढे.

पावसाळ्यानंतर कळले की खाणीचे प्रकरण दप्तरी दाखल झाले, म्हणजे बंद झाले. ते माझ्या जबाबाने झाले, याविषयी मला शंका नाही. काकांच्या मते ते फिरत्या पाण्यामुळे झाले. चांगुणाबाईचे म्हणणे असे की साहेबांचे पाय इतके दुखत होते की टेकडीचे नाव पुन्हा काढण्याची त्यांची हिंमतच झाली नाही.

बातमी घेऊन मी पाड्यावर गेलो तेव्हा मंडळींनी परस्पर एक ठराव करून ठेवला होता. मलाही टेकडीत वाटणी द्यायची. मी थोडा सुखावलो. माझी पट्टी दाखवायला सगळेच वर आले. माथ्याजवळ, दोन पट्ट्यांच्या मध्ये, एक उघडा काळा कातळ होता. आठदहा खाटा मांडता येतील एवढा, गवताची काडी नसलेला.

"ही तुमची," चांगुणाबाई म्हणाली. "तुमी लिवल्यापरमाणं हाय. बघून घ्या."

लोक इतके हसले की काकांना खाली बसावे लागले. मी रागावलो. अपमान मला लवकर समजतो. मी उतरायला लागलो तेव्हा काकांनी माझा सदरा मागून धरला.

"घ्या, भाऊसाहेब. हिच्यावर काय उगवत नाय, म्हणून हिच्यावर काय जळत पण नाय. वणवा आला आणि खालची वाट अडली, तर लेकरं-शेळ्या घेऊन ह्या बाया उभ्या कुठं राहतील? हितंच. फक्त होळीच्या आधी झाडून ठेवायचा. वाळलेलं पान राहता कामा नये."

मी वाटणी घेतली. काका असेपर्यंत वणवा दोनदा वर आला आणि दोन्ही वेळा माझ्या कातळावर माणसे उभी राहिली. इतर सगळ्यांच्या पट्ट्या थोड्याफार होरपळल्या, माझी नाही. ही गोष्ट मी बाजारात सांगतो.

पहिल्या वर्षी मी शिराई घेऊन गेलो तेव्हा झाडण्यासारखे तेथे काहीच नव्हते. वाऱ्याने आणलेली पाचपंचवीस पाने मी हाताने वेचली आणि परतीची बसही मला मिळाली. दुसऱ्या वर्षी अर्धा तास लागला. आजूबाजूचे ऐन वाढत गेले, त्यांच्या फांद्या कातळावर आल्या, आणि आता मी फाल्गुनात आदल्या दिवशीच पाड्यावर मुक्कामाला जातो. पहाटे सुरू केलेले काम दुपार टळली तरी उरकत नाही. एका टोकाचा पाचोळा लोटून दुसऱ्या टोकाला जावे, तर मागे पुन्हा पाने पडलेली असतात. चांगुणाबाई आता काठी टेकत शेजारच्या पट्टीपर्यंत येते, सावलीत बसते आणि तेथून ओरडते, "भाऊ, त्या कोपऱ्यात राहिलंय बघा."

मी कंबर सरळ करतो आणि त्या कोपऱ्याकडे जातो.